मोठ्या दूरचित्रवाणी संचाची निवड

मोठ्या दूरचित्रवाणी संचाची निवड ही घरातील बैठकीच्या खोलीचे आकारमान, आसनांचे पडद्यापासूनचे अंतर, खोलीत येणारा उजेड आणि पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांचे स्वरूप या चार बाबींवर अवलंबून असते. बोलीभाषेत ‘मोठा टीव्ही’ हा शब्द साधारणतः ५० इंच (१२७ सेंमी) किंवा त्याहून अधिक कर्ण असलेल्या संचासाठी वापरला जातो. भरपूर उजेड असलेल्या खोलीत चित्राचा दर्जा संचाच्या किमतीइतकाच, आणि पुष्कळदा त्याहून अधिक, संचाच्या जागेवर अवलंबून असतो. खिडकी व पडदा यांची परस्परांशी असलेली दिशा चुकल्यास महागड्या संचावरील चित्रही दिवसा फिके दिसते.

या लेखातील सूर्याच्या स्थितीविषयीची उदाहरणे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड या तालुक्याच्या ठिकाणाची आहेत. कन्नड सुमारे २०.३° उत्तर अक्षांशावर व ७५.१° पूर्व रेखांशावर आहे. मराठवाडा, खानदेश व विदर्भाच्या बहुतेक भागांत ही स्थिती थोड्याफार फरकाने तशीच असते.

## पार्श्वभूमी

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्राचे प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सुरुवातीचे संच कृष्णधवल होते. सरकत्या झापांच्या लाकडी पेटीत बसवलेला संच पाहून झाला की झापा ओढून घेत. इ.स. १९८२ मध्ये रंगीत प्रसारण सुरू झाले. त्यानंतर कमी शक्तीच्या प्रक्षेपकांचे जाळे वाढत गेले आणि दूरचित्रवाणी तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. इ.स. १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा एका घरातील संचासमोर शेजारपाजारचे लोक जमत. त्या काळी बैठकीची खोली अर्धी सार्वजनिक असे, आणि सर्वांना दिसावा म्हणून संच दाराच्या समोर ठेवण्याची पद्धत पडली. ही मांडणी अनेक घरांत आजही टिकून आहे.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या परिसराचा भारतीय दूरचित्रवाणी उद्योगाशी जवळचा संबंध राहिला आहे. नंदलाल माधवलाल धूत यांनी स्थापन केलेल्या व्हिडिओकॉन उद्योगसमूहाने इ.स. १९८० च्या दशकात जपानच्या तोशिबा कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने रंगीत संचांचे उत्पादन हाती घेतले. समूहाचा मोठा कारखाना पैठण तालुक्यातील चितेगाव येथे होता. इ.स. २०१८ मध्ये ही कंपनी नादारी व दिवाळखोरी संहितेखालील प्रक्रियेत गेली.

त्या काळातील काचनळीचे संच बहुधा १४ ते २१ इंचांचे असत. त्यांची काच फुगीर असे. त्यामुळे खिडकीचे प्रतिबिंब लहान होऊन पडद्याच्या एखाद्या भागात पडे. सपाट व मोठ्या पडद्यावर मात्र संपूर्ण खिडकी जशीच्या तशी उमटते. संचाचा आकार वाढत गेला तशी उजेडाची अडचणही वाढली, ती प्रामुख्याने या कारणामुळे.

## उजेड आणि चित्र

### काँट्रास्टमध्ये होणारी घट

पडद्याची प्रखरता ‘निट’ या एककात मोजतात. एक निट म्हणजे प्रति चौरस मीटर एक कॅन्डेला. खोलीतील उजेड ‘लक्स’ या एककात मोजतात. चित्रातील सर्वांत उजळ व सर्वांत काळ्या भागांच्या प्रखरतेचे गुणोत्तर म्हणजे काँट्रास्ट. हे गुणोत्तर जितके मोठे, तितके चित्र ठसठशीत दिसते.

जाहिरातीत दिलेला काँट्रास्ट अंधाऱ्या खोलीत मोजलेला असतो. उजेडाच्या खोलीत पडद्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग पसरून परत येतो आणि चित्रातील काळ्या भागावर चढतो. काळा रंग करडा दिसू लागतो. पडद्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा २ टक्के भाग असा पसरून परत येतो असे मानल्यास, ५०० लक्स उजेडाच्या खोलीत सुमारे ३.२ निट इतकी प्रखरता सर्व चित्रावर चढते. ही संख्या लहान वाटली तरी तिचा परिणाम मोठा असतो.

* ३०० निट प्रखरतेचा व अंधारात ३०००:१ काँट्रास्ट देणारा संच या खोलीत सुमारे ९२:१ काँट्रास्ट देतो.
* तेवढ्याच प्रखरतेचा, पण संपूर्ण काळा दाखवू शकणारा ओएलईडी संच सुमारे ९५:१ काँट्रास्ट देतो.
* १,००० निट प्रखरतेचा व अंधारात ३०००:१ काँट्रास्ट देणारा संच सुमारे २८५:१ काँट्रास्ट देतो.
* खिडकीचा पडदा ओढून खोलीतील उजेड १०० लक्सवर आणल्यास पहिलाच ३०० निटचा संच सुमारे ४०८:१ काँट्रास्ट देतो.

या हिशेबातून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, दिवसाच्या उजेडात काळ्या रंगाच्या गुणवत्तेचा फायदा जवळजवळ संपतो आणि प्रखरतेचे महत्त्व वाढते. दुसरी अशी की, पडद्यावर पडणारा उजेड कमी करण्याचा साधा उपाय कित्येकदा अधिक महागड्या संचाहून परिणामकारक ठरतो.

### प्रतिबिंब

वरील हिशेब पसरून परत येणाऱ्या प्रकाशाचा आहे. पडदा आरशाप्रमाणे थेट प्रतिबिंबही दाखवतो. खिडकीतून दिसणाऱ्या दिवसाच्या आकाशाची प्रखरता काही हजार निट असते. लेप नसलेली काच समोरून पडलेल्या प्रकाशाचा सुमारे ४ टक्के भाग परत पाठवते. म्हणजे ५,००० निट प्रखरतेच्या आकाशाचे प्रतिबिंब २०० निटचे होते आणि मध्यम प्रतीच्या संचावरील चित्राशी बरोबरी करते. परावर्तनरोधी लेपामुळे हे प्रमाण १ टक्क्यावर आले, तर तेच प्रतिबिंब ५० निटचे उरते. उन्हात असलेली समोरच्या घराची चुन्याची भिंत किंवा नवा पत्रा आकाशापेक्षाही अधिक प्रखर असू शकतो.

प्रतिबिंब कमी करण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. चकचकीत पडद्यावर परावर्तनरोधी लेप दिल्यास प्रतिबिंब मंद होते, परंतु त्याची कड स्पष्ट राहते. मॅट पडद्यावर प्रतिबिंब विस्कटते. खिडकीच्या आकृतीऐवजी धूसर उजळ डाग दिसतो, मात्र त्या डागाच्या भोवतालचा काळा रंग अधिक फिका होतो. एकच लहान खिडकी असलेल्या खोलीत पहिली पद्धत पुरेशी ठरू शकते. अनेक दिशांनी उजेड येत असल्यास मॅट पडदा डोळ्यांना कमी त्रासदायक वाटतो.

## खोलीची दिशा आणि सूर्य

कन्नड येथे सूर्य भारतीय प्रमाणवेळेनुसार सुमारे साडेबारा वाजता मध्यान्ही येतो. २१ जूनच्या सुमारास तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेस उगवतो व पश्चिमेच्या तितक्याच अंश उत्तरेस मावळतो. २२ डिसेंबरच्या सुमारास उगवण्याची व मावळण्याची ठिकाणे तितक्याच अंशांनी दक्षिणेकडे सरकतात. वर्षभरात सूर्यास्ताची जागा क्षितिजावर सुमारे ५० अंशांच्या पट्ट्यात फिरत असल्याने हिवाळ्यात संच घेताना न जाणवलेले ऊन उन्हाळ्यात पडद्यावर येऊ शकते.

* पश्चिमेची खिडकी सर्वांत अडचणीची असते. दुपारनंतर ऊन खाली उतरते आणि छज्जाखालून आत शिरते. ६० सेंमी बाहेर आलेला छज्जा, सूर्य समोर २० अंश उंचीवर असताना, खिडकीचा वरचा सुमारे २२ सेंमी भागच झाकतो. जूनमध्ये सूर्य सातनंतर मावळतो. त्यामुळे घरातील माणसे संचासमोर बसू लागतात नेमक्या त्याच वेळी हे ऊन आत येते.
* दक्षिणेची खिडकी छज्जाने बऱ्याच अंशी सावरली जाते. मार्च व सप्टेंबरमध्ये मध्यान्हीचा सूर्य सुमारे ७० अंश उंचीवर असतो आणि ६० सेंमीचा छज्जा सुमारे १६० सेंमी उंचीपर्यंतची खिडकी सावलीत ठेवतो. डिसेंबरमध्ये मध्यान्हीची उंची सुमारे ४६ अंशांपर्यंत उतरते व सावली ६२ सेंमीपुरती उरते. हिवाळ्यातील दुपारी दक्षिणेचे ऊन खोलीत खोलवर येते.
* पूर्वेची खिडकी सकाळीच त्रासदायक ठरते.
* उत्तरेची खिडकी वर्षाचा बहुतांश काळ थेट उन्हाशिवाय एकसारखा उजेड देते. मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत मध्यान्हीचा सूर्य कन्नडच्या किंचित उत्तरेकडे असतो. या काळात सकाळी व संध्याकाळी उत्तरेकडूनही तिरपे ऊन येऊ शकते.

मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत जाड भिंती व लहान झरोके असत. बाहेर कडक ऊन असतानाही आतली खोली काळोखी व थंड राही. सिमेंटच्या नव्या घरांत बैठकीच्या खोलीला रुंद सरकत्या खिडक्या, फिकट रंगाच्या भिंती व चकचकीत फरशी असते. फरशीवरून उसळलेला प्रकाशही पडद्यावर पडतो. शिवाय हवा खेळती राहावी व येणाऱ्या-जाणाऱ्याकडे लक्ष राहावे म्हणून पुढचे दार दिवसभर उघडे ठेवले जाते. त्याच खोलीत मुलांचा अभ्यास, धान्य निवडणे, वृद्धांचे वाचन व पाहुण्यांची ऊठबस होत असल्याने खोली काळोखी करून संच पाहणे अनेक कुटुंबांना मान्य नसते. अशा घरांत संचाच्या जागेचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो.

## संचाची जागा

संच व खिडकी यांच्या तीन मांडण्या संभवतात.

1. संच खिडकीच्या किंवा दाराच्या समोरील भिंतीवर असणे. खिडकीचे प्रतिबिंब थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत येते. दिवसा पाहण्यासाठी ही मांडणी सर्वांत प्रतिकूल आहे.
2. संच खिडकी असलेल्या भिंतीवर, खिडकीच्या शेजारी असणे. प्रतिबिंब कमी पडते, परंतु डोळ्यांसमोर खिडकीचा झगमगाट राहतो. डोळे त्या उजेडाशी जुळवून घेतात आणि चित्र त्या मानाने काळपट भासते.
3. संच खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर असणे. खिडकीतून आलेला प्रकाश पडद्यावर तिरपा पडून आसनांपासून दूर जातो. बहुतेक खोल्यांत हीच मांडणी सर्वांत सोयीची ठरते.

प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात परत जातो. या नियमामुळे खरेदीपूर्वी एक सोपी चाचणी करता येते. संचाच्या नियोजित जागी भिंतीला सपाट आरसा किंवा बंद भ्रमणध्वनीचा काळा पडदा लावून धरावा. मग प्रत्येक आसनावरून त्यात काय दिसते ते सकाळी, दुपारी व संध्याकाळी पाहावे. आरशात खिडकी, उघडे दार किंवा नळीदिवा दिसल्यास तेच संचाच्या पडद्यावरही दिसणार असते. संचाची जागा हातभर सरकवून किंवा भिंतीवरील फिरत्या आधाराने पडदा काही अंश वळवून हे प्रतिबिंब पुष्कळदा टाळता येते.

संचाची उंची ठरवताना बसण्याची पद्धत लक्षात घ्यावी लागते. खुर्चीवर किंवा सोफ्यावर बसलेल्या प्रौढाचे डोळे जमिनीपासून साधारणतः १०५ ते ११५ सेंमी उंचीवर असतात, तर सतरंजीवर बसलेल्याचे ७५ ते ८० सेंमी उंचीवर असतात. पडद्याचा मध्य या उंचीच्या आसपास असल्यास मानेवर ताण येत नाही. शोभेसाठी संच छताजवळ लावल्यास जमिनीवर बसणाऱ्या मुलांना मान वर करून पाहावे लागते, आणि काही प्रकारच्या पडद्यांवर खालून पाहताना रंगही फिके दिसतात.

## आकार आणि अंतर

संचाचा आकार पडद्याच्या कर्णावरून सांगितला जातो. भारतात जाहिरातींत व खोक्यांवर तो सेंटीमीटरमध्ये देऊन जोडीला इंचांत नोंदवण्याची पद्धत आहे. पडद्याची रुंदी प्रेक्षकाच्या डोळ्याशी जो कोन करते त्यावरून योग्य अंतर ठरवतात. सर्वसाधारण कार्यक्रमांसाठी सुमारे ३० अंशांचा, तर चित्रपटगृहासारख्या अनुभवासाठी सुमारे ४० अंशांचा कोन सुचवला जातो. १६:९ प्रमाणाच्या पडद्यांसाठी काढलेली मापे पुढीलप्रमाणे आहेत.

| कर्ण (इंच) | कर्ण (सेंमी) | रुंदी (सेंमी) | उंची (सेंमी) | ४०° साठी अंतर (मी) | ३०° साठी अंतर (मी) |
|---|---|---|---|---|---|
| ४३ | १०९ | ९५ | ५४ | १.३ | १.८ |
| ५० | १२७ | १११ | ६२ | १.५ | २.१ |
| ५५ | १४० | १२२ | ६८ | १.७ | २.३ |
| ६५ | १६५ | १४४ | ८१ | २.० | २.७ |
| ७५ | १९१ | १६६ | ९३ | २.३ | ३.१ |
| ८५ | २१६ | १८८ | १०६ | २.६ | ३.५ |

दहा बाय बारा फुटांच्या खोलीत लांब बाजूने पाहिल्यास भिंतीपासून डोळ्यांपर्यंतचे अंतर सोफ्याची खोली वजा जाता सुमारे २.८ मीटर राहते. या अंतरासाठी ६५ इंचांचा संच बसतो. त्याच खोलीत आखूड बाजूने पाहिल्यास अंतर सुमारे २.२ मीटर होते व ५५ इंच पुरेसे ठरतात.

चित्रातील बारकावा संचाप्रमाणेच प्रसारणावरही अवलंबून असतो. मानवी डोळा साधारणतः एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका बारकावा ओळखतो. त्यानुसार ६५ इंचांच्या पडद्यावर फोर-के चित्रातील एकेक बिंदू सुमारे १.३ मीटर अंतरापर्यंत, तर फुल एचडी चित्रातील बिंदू सुमारे २.६ मीटरपर्यंत वेगळा ओळखता येतो. तीन मीटरवरून पाहणाऱ्यास या दोहोंतील फरक क्वचितच जाणवतो. साध्या दर्जाच्या प्रसारणात मात्र केवळ ५७६ ओळी असतात. त्या ६५ इंचांच्या पडद्यावर पसरल्या की एक ओळ सुमारे १.४ मिमी जाडीची होते आणि तिचा रवाळपणा जवळजवळ ४.८ मीटरपर्यंत ओळखू येतो. दूरदर्शनची डीडी फ्री डिश ही विनाशुल्क सेवा किंवा केबलवरील साध्या दर्जाच्या वाहिन्या प्रामुख्याने पाहणाऱ्या घरात फार मोठा संच चित्रातील दोषही मोठे करून दाखवतो. अशा घरांत एक पायरी लहान आकार समाधानकारक ठरू शकतो.

## पडद्याचे प्रकार

साधे एलसीडी संच बाजारात ‘एलईडी टीव्ही’ या नावाने विकले जातात. त्यांत द्रवस्फटिकाच्या थरामागे एलईडी दिवे असतात. कमी किमतीच्या संचांची प्रखरता बहुधा २०० ते ३५० निट असते. थेट प्रतिबिंब टाळता आल्यास हे संच मध्यम उजेडाच्या खोलीत चालू शकतात.

क्वांटम डॉट संच हेही एलसीडीच असतात. अतिसूक्ष्म कणांच्या थरामुळे त्यांचे रंग अधिक शुद्ध दिसतात. ‘क्यूएलईडी’ हे नाव प्रखरतेची हमी देत नाही. त्यामुळे निटची संख्या स्वतंत्रपणे पाहावी लागते.

मिनी एलईडी संचांत मागील दिवे फार लहान व असंख्य असून ते गटागटाने कमी-जास्त करता येतात. यांतील अनेक संच १,००० निटपेक्षा अधिक प्रखरता देतात. दिवसा पाहण्यासाठी हा प्रकार सामान्यतः सर्वांत अनुकूल मानला जातो.

ओएलईडी संचांत प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देतो व पूर्ण विझू शकतो. अंधारात त्यांचे चित्र उत्कृष्ट असते आणि बाजूने पाहतानाही रंग बदलत नाहीत. मात्र संपूर्ण पडदा उजळ असताना अनेक ओएलईडी संच प्रखरता आपोआप कमी करतात. एकच स्थिर आकृती दीर्घकाळ दाखवल्यास तिचा कायमचा ठसा उमटण्याची शक्यता असते. दिवसभर एकाच वृत्तवाहिनीचे बोधचिन्ह व खालची बातमीपट्टी दिसत राहणाऱ्या घरात ही मर्यादा महत्त्वाची ठरते.

माहितीपत्रकातील ‘कमाल प्रखरता’ ही बहुधा पडद्याच्या लहान भागापुरती व थोड्या वेळापुरती असते. क्रिकेटच्या प्रसारणात हिरवे मैदान संपूर्ण पडदा व्यापते. म्हणून असे कार्यक्रम दिवसा पाहणाऱ्यांसाठी पूर्ण पडद्याची टिकाऊ प्रखरता अधिक उपयोगाची असते.

एलसीडी पडद्यांचे व्हीए व आयपीएस असे दोन प्रमुख उपप्रकार आहेत. व्हीए पडद्यांचा काँट्रास्ट जास्त असतो, परंतु बाजूने पाहिल्यास रंग लवकर फिके पडतात. आयपीएस पडद्यांचे रंग बाजूनेही टिकतात, पण अंधारात त्यांचा काळा रंग करडा दिसतो. दिवाण, खुर्च्या व सतरंजी अशा खोलीभर पसरलेल्या जागांवरून पाहणाऱ्या मोठ्या कुटुंबाला दिवसाच्या वापरासाठी पाहण्याचा रुंद कोन अधिक उपयोगी पडतो.

## दुकानातील व घरातील चित्र

दुकानात संच बहुधा ‘प्रदर्शन’ पद्धतीवर चालू असतात. त्यात प्रखरता व रंग कमाल पातळीवर नेलेले असतात आणि खास तयार केलेली फोर-के दृश्ये दाखवली जातात. दुकानाच्या आतल्या भागात छतावरील दिवे असले तरी समोर उन्हाची खिडकी नसते. त्यामुळे तेथील तुलना घरातील चित्राबद्दल अपुरी माहिती देते. संच बंद करून त्याच्या काळ्या पडद्यात दुकानातील दिवे व दर्शनी काच कशी दिसते, हे शेजारच्या संचाशी ताडून पाहिल्यास परावर्तनातील फरक स्पष्टपणे कळतो. नेहमीची साधी वाहिनी लावून व बाजूला उभे राहून पाहणेही उपयुक्त ठरते.

घरी संच प्रथम सुरू करताना ‘घर’ किंवा ‘दुकान’ असा पर्याय विचारला जातो. अनेक संचांत खोलीतील उजेड मोजून प्रखरता बदलणारा संवेदक व वीजबचतीची सोय असते. उजेडाच्या खोलीत चित्र काळपट वाटल्यास ही सोय तपासावी लागते.

## वीज, उष्णता व सुरक्षितता

प्रखरता वाढली की विजेचा वापरही वाढतो. १५० वॅटचा संच रोज पाच तास चालल्यास वर्षाला सुमारे २७४ युनिट वीज लागते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकनाच्या पट्टीवर वार्षिक वीजवापर छापलेला असतो. तारांची तुलना एकाच आकाराच्या संचांमध्ये करणे योग्य ठरते, कारण मोठ्या संचाला अधिक तारे असले तरी तो लहान संचापेक्षा जास्त वीज वापरू शकतो.

भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा आहे. वादळी पावसात तारांमधून येणारा अचानक अधिभार संचाला घातक ठरू शकतो. मेघगर्जना सुरू होताच विजेची पिन, तबकडीची तार व केबल काढून ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. केवळ बटण बंद केल्याने तारेतून येणारा अधिभार थांबेलच असे नाही.

अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत संच वापरण्यासाठी भोवतालच्या तापमानाची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिलेली असते. मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छताखालील खोलीचे तापमान या मर्यादेच्या पुढे जाऊ शकते. पडद्यावर थेट ऊन पडल्यास एलसीडीवर काळे डाग दिसू शकतात व रंगीत थरांचे आयुष्य घटते. म्हणून संचामागे हवा खेळण्यास मोकळी जागा ठेवणे व पडद्यावर थेट ऊन न येऊ देणे आवश्यक असते.

मोठा संच अंगावर पडून लहान मुलांना गंभीर इजा होऊ शकते. टेबलावरील संच पट्ट्याने भिंतीला बांधण्याची शिफारस केली जाते. भिंतीवर बसवताना भिंतीचा प्रकार पाहावा लागतो. पक्क्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत खुंटी घट्ट बसते. दगड-मातीच्या जुन्या भिंतीत किंवा केवळ गिलाव्यात ती ढिली होते. अशा घरांत जमिनीवर टेकणारा रुंद बैठकीचा आधार अधिक सुरक्षित असतो.

## कायदे, कर व ग्राहकांचे हक्क

३२ इंच व त्याहून मोठ्या सपाट पडद्याच्या संचांचा इ.स. २०१२ च्या आदेशानुसार भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत समावेश करण्यात आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला. त्यामुळे लहान व मोठ्या संचांवरील कराचा दर समान झाला.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष वस्तूबाबत जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. कराचे बिल, हमीपत्र व संचाचा अनुक्रमांक जपून ठेवणे त्यासाठी आवश्यक ठरते. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने दुरुस्तीसाठी तंत्रज्ञ घरी येतो की संच जिल्ह्याच्या शहरात न्यावा लागतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ६५ इंचांचा पडदा आडवा ठेवून नेल्यास तडकण्याची भीती असते.

जुन्या संचाची विल्हेवाट ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ च्या कक्षेत येते. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. काचनळीच्या संचातील काचेत शिसे असल्याने तो फोडणे किंवा उघड्यावर टाकणे धोकादायक असते.

## निवडीचा क्रम

उजेडाच्या खोलीसाठी संच निवडताना जागा, आकार, पृष्ठभाग, प्रखरता व शेवटी इतर सोयी असा क्रम सोयीचा ठरतो. जागा बदलण्यास खर्च येत नाही किंवा थोडाच येतो, आणि तिचा परिणाम संचाच्या संपूर्ण आयुष्यभर टिकतो. खिडकीला बाहेरून ताडपत्रीची झडप, वेलीचा मांडव किंवा बांबूची चटई लावल्यास पश्चिमेचे ऊन काचेपूर्वीच अडते. त्यामुळे चित्र सुधारते, शिवाय खोलीही थंड राहते. जागा बदलणे किंवा उजेड अडवणे शक्य नसेल, तर अधिक प्रखरता व परावर्तनरोधी पृष्ठभाग यांवर केलेला खर्च सार्थ ठरतो. संच मुख्यतः रात्री दिवे मंद करून पाहिला जात असल्यास हाच क्रम बदलतो आणि काळ्या रंगाची गुणवत्ता पुढे येते.

## हे सुद्धा पहा

* दूरचित्रवाणी
* दूरदर्शन
* द्रवस्फटिक पटल
* प्रकाशाचे परावर्तन
* कन्नड तालुका